लाल मास्टर लावायचा राहिला

एकोणतीस वर्षं मी चाकणच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागात होते आणि एवढ्या काळात मी काहीही बनवलं नाही. कारखाना ब्रेकचे सुटे भाग बनवत होता, कॅन्टीनवाला पोह्यांचा डोंगर बनवत होता, एचआरवाले नियम बनवत होते. माझं काम एवढंच, की चालू असलेलं चालू ठेवायचं. असं काम नीट झालं तर कुणाला दिसत नाही आणि बिघडलं की सगळ्यांना दिसतं. घरातल्या धुण्याभांड्याचं जे असतं तेच.

तुमच्या मोबाइलवर ‘अपडेट करा’ अशी पाटी येते आणि तुम्ही ‘नंतर’ दाबून मोकळे होता. मला ‘नंतर’ न दाबण्याचा पगार मिळत होता. कारखान्यातल्या कॉम्प्युटरांवरचे प्रोग्रॅम वेळच्या वेळी नवे करायचे, नाहीतर जुन्या भोकांतून व्हायरस शिरतात. यात अवघड काय, असं माझा नवरासुद्धा बरीच वर्षं विचारायचा. त्याला जे सांगितलं तेच इथे सांगते.

एका कॉम्प्युटरवर पन्नास प्रोग्रॅम असतात. त्या सगळ्यांना काही कामं सारखीच लागतात. तारीख काढणं, यंत्राकडून आकडे वाचणं, कागद छापणं वगैरे. प्रत्येकाने ते स्वतःचं स्वतः लिहिण्यापेक्षा कुणीतरी एकदाच लिहून ठेवतं आणि सगळे ते वापरतात. याला सामायिक लायब्ररी म्हणतात. घरोघरी जातं ठेवण्यापेक्षा गावात एकच पिठाची गिरणी असावी, तसं हे आहे. आता समजा, गिरणीवाल्याने दगड बदलले. गव्हाचं पीठ सुरेख पडायला लागलं, पण ज्वारीवाल्यांच्या घरी भाकरी थापताना चिरायला लागली. चूक गिरणीवाल्याची नाही, भाकरी करणारीचीही नाही. पण ताटात चिरलेली भाकरी आली की शिव्या कुणीतरी खाव्याच लागतात. त्या खायला मी होते.

लायब्ररी लिहिणारे लोक तसे सज्जन असतात. फार मोठा बदल केला की ते नावापुढचा आकडा बदलतात. दोनचा तीन करतात. जुन्या गिऱ्हाइकांनी आता इकडे येऊ नये, असा त्याचा अर्थ. जुना प्रोग्रॅम दोन नंबर मागतो आणि तो मिळाला नाही की सुरूच होत नाही. हे चांगलं असतं, कारण बंद पडलेला प्रोग्रॅम निदान दिसतो. मला भीती वाटायची ती चालू राहिलेल्याची.

बंद पडलेल्याचा एक किस्सा सांगते. एकदा मी तारखेची लायब्ररी नवी केली आणि कॅन्टीनचं कुपन देणारं मशीन मुकं झालं. त्या मशीनला तीच लायब्ररी लागते हे माझ्या यादीतच नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत रांग पार पार्किंगपर्यंत गेली. युनियनचे एक पुढारी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. मी त्यांना आवृत्ती, आकडे, सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, तुमची लायब्ररी सावकाश बघा. तोवर मी पोरांना बिगर कुपनाचं जेवायला बसवतो, सही तुमची.” सही केली. त्या दिवशी ऑफिसातले अर्धे लोक दोनदा जेवले असा मला दाट संशय आहे.

हिंजवडीहून आमच्याकडे एक सल्लागार यायचे. म्हणजे यायला निघायचे. बहुतेकदा त्यांची कॅब वाटेतच अडकायची आणि ते फोनवर सल्ला द्यायचे. सल्ला नेहमी एकच, “सगळं एकदम अपग्रेड करून टाका, बघू काय होतं ते.” जे काय व्हायचं ते बघायला आम्ही असायचो, ते कॅबमध्ये असायचे.

मला बघायला खरं म्हणजे दोन डोळे पुरत नव्हते. माझी जागा दुसऱ्या मजल्यावर आणि यंत्रं खाली शॉपवर, म्हणजे उत्पादनाच्या दालनात. खालचे माझे डोळे म्हणजे कोंडीभाऊ.

कोंडीभाऊ कुरुळीचे. जमिनी एमआयडीसीत गेल्या त्या वेळी त्यांच्या घरातल्या एकाला नोकरी मिळाली, ते हे. आधी हेल्पर, मग ऑपरेटर, मग गळती तपासायच्या बेंचवर कायमचे. बेंचचं काम सोपं होतं. ब्रेकचा सिलिंडर त्यावर बसवायचा, आत हवा भरायची आणि काही सेकंद दाब पाहायचा. दाब टिकला की हिरवा दिवा लागायचा. दाब उतरला तर कुठूनतरी गळतंय म्हणून लाल दिवा लागायचा आणि तो पीस बाजूला काढायचा. हे सगळं पाहणारा प्रोग्रॅम एका कंपनीने लिहून दिला होता. ती कंपनी पुढे बंद पडली, त्यामुळे प्रोग्रॅम नव्याने बांधून द्यायला कुणी उरलं नव्हतं. आहे तसाच जपायचा होता.

बेंच खरं बोलतोय का, हे तपासायला एक पीस असायचा. मुद्दाम केसाएवढं बारीक छिद्र पाडलेला आणि लाल रंगवलेला. त्याला लाल मास्टर म्हणत. प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला तो लावायचा आणि बेंचने तो नापास करायलाच हवा. मी वर कुठलंही अपग्रेड केलं की खाली कोंडीभाऊ लाल मास्टर लावायचे आणि इंटरकॉमवर फक्त एक शब्द बोलायचे, “पकडला.” तो शब्द आला की मी पुढच्या कामाला हात घालायची. बारा-तेरा वर्षं आमचं हे असं चाललं होतं. माझी शाळेत जाणारी मुलगी एकदा घरी विचारत होती, की आई तुझ्या ऑफिसात रोज कुणाला पकडतात.

ते कॉम्प्युटर शिकलेले नव्हते, पण कामाचं मर्म त्यांना कळत होतं. मी एकदा त्यांना आकड्यांची भानगड समजावली. ते म्हणाले, “म्हंजी नंबर बदलला की वळख ठिवायची न्हाई. लई बेस. आमच्या भावकीत नंबर तोच ऱ्हातो आन् माणूस बदलतो, तिथंच घात व्हतो.” मी लायब्ररीवर पुढे दोन प्रशिक्षणं केली. याहून स्पष्ट मला कुणी सांगितलं नाही.

आता त्या दिवसाकडे येते. लिहायचं मी त्याचसाठी कबूल केलं आणि तेच इतका वेळ टाळतेय.

मोठी अपग्रेड आम्ही खंडेनवमीला करायचो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारखान्यात यंत्रांची पूजा असते. लाइन सकाळीच बंद होते, यंत्रं पुसून घेतात, झेंडूचे हार घालतात, आणि दुपारी साहेब येऊन नारळ फोडतात. एकदा हार पडला की दसरा होईपर्यंत त्या यंत्राला कामासाठी हात लावायचा नाही, हा शॉपवरचा दंडक. घरी आपण पाटीपुस्तकं पूजेला ठेवतो, तसंच. म्हणून सकाळी लाइन थांबली की मी अपग्रेड करायची, पूजेच्या आत कोंडीभाऊ लाल मास्टर लावायचे आणि मग आम्ही दोघंही पेढे खायला मोकळे.

त्या वर्षी माझं काम लांबलं. नव्या आवृत्तीत यंत्राकडून आकडे वाचणाऱ्या लायब्ररीचा नंबर दोनचा तीन झाला होता आणि जुनी दोन नंबरची काढून टाकली गेली होती. बेंचचा प्रोग्रॅम सुरूच होईना. योग्य उपाय मला ठाऊक होता. जुनी लायब्ररी बॅकअपमधून काढायची, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि फक्त या एका प्रोग्रॅमला तिकडे पाठवायचं. तासाभराचं काम होतं. खाली सनई लागली होती आणि साहेबांची गाडी गेटमधून आत येताना मला खिडकीतून दिसत होती.

मी जवळची वाट धरली. नव्या लायब्ररीला जुन्या नावाची एक पाटी लावून दिली. कॉम्प्युटरवर हे एका ओळीत होतं. प्रोग्रॅमने दोन नंबर मागितला, पाटी दिसली, बिचारा आत शिरला. स्क्रीन उजळली, आकडे दिसायला लागले. लिहिणाऱ्या सज्जनांनी दिलेला इशारा मी माझ्या हाताने पुसला होता आणि वर मला हुशारी केल्यासारखं वाटत होतं.

इंटरकॉम वाजला. “मॅडम, लाल मास्टर लावायचा राह्यला.”

“लावा की पटकन.”

“हार घातलाय. आता न्हाई हात लावत आमी. परवा सकाळच्याला लावू.”

मी ‘बरं’ म्हणाले. मला सुटल्यासारखं वाटलं, हे इथे लिहिलंच पाहिजे. खाली गेले तेव्हा बेंचसमोर कोंडीभाऊ धुवट सदरा घालून उभे होते. लाल मास्टर तबकात ठेवला होता आणि त्याच्यावर गंधाचा ठसठशीत टिळा होता. दर वर्षी पहिला टिळा त्यालाच. वर्षभर स्वतः नापास होऊन हाच सगळ्यांना वाचवतो, असं त्यांचं म्हणणं.

दसऱ्यानंतर पहिली शिफ्ट लागली. कोंडीभाऊंनी लाल मास्टर लावला आणि हिरवा दिवा लागला. पुन्हा लावला, पुन्हा हिरवा. त्यांनी मला फोन केला. “मॅडम, ह्यो पास व्हतोय. बेंच खोटं बोलतोय.” मी माझ्या स्क्रीनवर पाहिलं. आकडे येत होते, एका रेषेत, नीट. क्वालिटीचे अधिकारी त्यांच्याशेजारीच उभे होते. त्यांनी विचारलं, मास्टरला काय लावलं होतं? गंध, हळद, कुंकू. आणि फोनवर मीच म्हणाले, “मग छिद्र बुजलं असणार.”

सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं, कारण मला ते पटायला हवं होतं. मास्टर धुवायला पाठवला, तोवर उत्पादन चालू ठेवायला हरकत नाही अशी चिठ्ठी तयार झाली, आणि कॉम्प्युटर विभागातर्फे तिच्यावर माझी सही झाली. कारण म्हणून लिहिलं होतं, ऑपरेटरने पूजेत मास्टर पीस खराब केला. ती ओळ मी वाचली होती.

दुपारी कोंडीभाऊ दुसऱ्या मजल्यावर आले. एवढ्या वर्षांत ते पहिल्यांदाच वर आले होते. एका हातात पाण्याची बादली, दुसऱ्या हातात सायकलचा पंप, बगलेत लाल मास्टर. मास्टर धुऊन परत आला होता, पण त्यांना धुण्यावर भरवसा नव्हता. त्यांनी बादली माझ्या टेबलाशी ठेवली, मास्टरला नळी जोडली, पाण्यात बुडवला आणि पंप मारला. पंक्चर काढतात तसं. बुडबुड्यांची बारीक माळ वर आली.

“छिद्र मोकळं हाय, मॅडम. धुवायच्या आधी बी बघितलं, तवा बी मोकळंच व्हतं.”

ते पुढे म्हणाले, “सकाळपासनंचे धा पीस उचलून बुडीवले. एकातनं बुडबुडं आलं. गाडी भरली व्हती, ती मी गेटवर सांगून थांबीवली. इचारलं न्हाई कुणाला. ब्रेकचा माल हाय.”

मग मी ते केलं जे खंडेनवमीला करायला हवं होतं. कागद उघडून नवी लायब्ररी वाचली. जुन्या लायब्ररीत आकडे ठेवायचे कप्पे होते आणि तिसऱ्या कप्प्यात त्या क्षणाचा दाब असायचा. नव्या लायब्ररीत मध्येच एक कप्पा वाढवला होता, त्यामुळे तिसऱ्यात आता सरासरी दाब येत होता. आमचा जुना प्रोग्रॅम सवयीने तिसऱ्या कप्प्यात हात घालायचा आणि जे लागेल ते दाब समजून घ्यायचा. सरासरीत बारीक गळती दिसत नाही. म्हणून आकडे इतके नीट, एका रेषेत. मी पाटी काढली, जुनी लायब्ररी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली. कोंडीभाऊ खाली गेले. लाल दिवा लागला. इंटरकॉमवर नेहमीच्याच आवाजात ते “पकडला” म्हणाले.

गाडी उतरवली. सगळा माल दोन दिवस पुन्हा तपासला, आणखी तीन गळके निघाले. बाहेर एकही गेला नाही. गेला असता तर कुठल्या घाटात, कुणाच्या गाडीला लागला असता, हा विचार मी आजही पूर्ण करत नाही.

माल उशिरा पोचला म्हणून गिऱ्हाइकाने तक्रार केली आणि कुणाचं तरी नाव पुढे करावं लागलं. गेटच्या वहीत गाडी अडवणारा म्हणून कोंडीभाऊंचं नाव होतं, चिठ्ठीत मास्टर खराब करणारा म्हणूनही त्यांचंच. आठवड्याच्या आत त्यांची डिस्पॅचला बदली झाली. माझ्या अहवालात मी चूक लायब्ररीची आणि माझी आहे असं स्पष्ट लिहिलं होतं. तो अहवाल फाइलला लागला. मी क्वालिटीच्या साहेबांकडे गेले. ते म्हणाले, “बदली रूटीन आहे हो. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?” मी आणखी वर जाऊ शकले असते. गेले नाही. घरी मुलीची दहावी होती, ऑफिसात माझी बढती जवळ आली होती, आणि भित्र्या माणसाला कारणं भरपूर सापडतात. त्याहून वाईट म्हणजे मी खाली जाऊन कोंडीभाऊंना एका शब्दानेही काही बोलले नाही. आज बोलू, उद्या बोलू, असं करता करता बोलायची वेळ निघून गेली.

बेंचवर दुसरा ऑपरेटर आला. चांगला होता. अपग्रेड झालं की लाल मास्टर लावून फोनवर “ओके मॅडम” म्हणायचा. काम तेवढ्याने भागायचं, माझं भागायचं नाही. माझ्या खिडकीतून डिस्पॅचचं आवार दिसायचं. हातात पॅड घेऊन कोंडीभाऊ गाड्यांच्या मधून फिरायचे. चहाचा कप घेऊन मी खिडकीशी उभी राहायची. त्यांनी कधी वर पाहिलं नाही, ते रागावले आहेत असं मी समजून चालले. सात वर्षांनी ते निवृत्त झाले. त्यांच्या निरोप समारंभाच्या दिवशी मी रजा काढली.

पुढे बेंचही गेला. नव्या यंत्रांचे प्रोग्रॅम डब्यात बंद होऊन येतात. प्रत्येकजण आपल्याला लागणारी लायब्ररी सोबत बांधूनच आणतो, सामायिक असं फारसं काही राहिलं नाही. कुणाच्या दगडांनी कुणाची भाकरी चिरत नाही. सोय मोठी आहे, नाही म्हणत नाही. पण खाली कुणालातरी विचारल्याशिवाय पुढचं पाऊल टाकता येत नव्हतं, त्या दिवसांची मला अतोनात आठवण येते.

मागच्या वर्षी मी निवृत्त झाले, आणि महिन्याभरात एका सकाळी रिक्षा करून कुरुळीला गेले. कोंडीभाऊंचं घर आता तीन मजली आहे. वरच्या खोल्यांत कंपन्यांतली पोरं भाड्याने राहतात. ते ओट्यावर बसून कुणाची तरी सायकल उलटी करून साखळी बसवत होते. मला पाहून हात पुसले आणि म्हणाले, “या मॅडम. च्या घेनार न्हवं?”

मी चहा येईपर्यंतही थांबले नाही. माझी सही, ती ओळ, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“ते मला तवाच म्हायती व्हतं. चिठ्ठी वाचाय दिली व्हती की मला.”

“मग तुम्ही रागावला होतात.”

“चार दिस रागावलो आसंल. माणसाकडनं व्हतं. तुमी पाटी लावली आन् तुमीच काढली.”

“मग परत वर कधी आला नाहीत?”

साखळी त्यांच्या हातातच होती. ती त्यांनी खाली ठेवली. “तुमी कुठं बोलीवलं? दर खंडेनवमीला म्हनायचो, आज अपग्रेड हाय, मॅडम बोलीवतील मास्टर लावाया. धुतलेला सदरा घालून जायचो आन् पूजा हुईस्तोवर डिस्पॅचच्या फोनपाशी बसायचो. कुणाला उचलू देत नव्हतो फोन. मला वाटलं, तुमाला माजं काम पसंत न्हाई ऱ्हायलं.”

त्यांच्या बायकोने चहा आणला. मी कप हातात घेतला. त्या सातही खंडेनवमींना मी वर इंटरकॉमपाशीच बसलेली असायची. डिस्पॅचचा नंबर मला पाठ होता. दोनशे सत्तेचाळीस.